समुद्रतळावरचा वखर (धागा)

इतिहासाच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते : ‘त्या काळच्या माणसांना हे कुठे ठाऊक होते?’ जंगल तुटले, तळे बुजले, एखाद्या माशाची जात संपली, की हे वाक्य उच्चारून विषय मिटवला जातो. वाक्य समंजस वाटते. गतकाळाला आजच्या मापाने मोजू नये, हा त्यातला सल्ला चुकीचाही नाही. मात्र दप्तर उघडून पाहिले तर हे वाक्य वारंवार साफ खोटे ठरते. हा धागा अशाच एका प्रकरणाचा आहे. समुद्राचा तळ खरवडून कालवे आणि शिंपले काढण्याच्या धंद्याविषयी ‘कुणाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय गेल्या सहाशे वर्षांत कधीच नव्हती.

वाशीमच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा : इथली कालवे पाटबंधारे खात्याची नव्हेत. कालव म्हणजे खडकाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला चिकटून आयुष्यभर एकाच जागी राहणारा, दोन शिंपांमधला जीव. वाशीमपासून समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. त्यामुळे हा विषय आपला नाही असे इथल्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण ज्या हत्याराविषयी हा धागा आहे ते वाशीम, रिसोड, मालेगावच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला एका नजरेत ओळखता येईल.

त्या हत्याराचे नाव ड्रेज. वखराला जशी लोखंडी पास असते तशी ड्रेजच्या चौकटीला खाली लोखंडी धार असते. काही प्रकारांत दाते असतात. चौकटीमागे लोखंडी कड्यांची किंवा जाड दोरांची पिशवी. बोट पुढे जाते, चौकट तळावरून फरफटत येते, धार तळाला चिकटलेले सगळे सोडवते आणि सुटलेले पिशवीत जमा होते. बैलांच्या जागी शीड किंवा इंजिन, एरवी वखरच.

या वखराविरुद्धचा अर्ज १३७६-७७चा आहे.

तेव्हा दख्खनेत गुलबर्ग्याच्या बहमनी राज्याला तीस वर्षेसुद्धा झाली नव्हती. इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीची अखेर चालू होती. पार्लमेंटपुढे एक गाऱ्हाणे आले. काही कोळ्यांनी सुमारे सात वर्षांपूर्वी ‘वंडरचून’ नावाचे नवे साधन काढले आहे, अशी तक्रार होती. ते कालवे काढण्याच्या ड्रेजच्या धर्तीवर केलेले, पण त्याहून पुष्कळ लांब. वर बारीक डोळ्यांचे जाळे, ज्यातून लहानसा मासाही सुटत नाही. अर्जदारांचे म्हणणे तीन भागांचे होते. त्याचे जड लोखंड पाण्याखालच्या जमिनीवरची झाडोऱ्याची वाढ उखडते. कालवांची आणि शिंपल्यांची कोवळी पिल्ले चिरडते, आणि मोठ्या माशांचे खाद्यही नष्ट करते. शिवाय बारीक मासळी इतकी सापडते की तिचे काय करावे हे कळेना म्हणून ती डुकरांना चारली जाते.

हा मजकूर पुन्हा वाचण्यासारखा आहे. अधिवासाचा नाश, पुढच्या पिढीचा नाश, निरुपयोगी मासळीची नासाडी : समुद्रतळावर ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांविरुद्ध आज जे तीन मुख्य आक्षेप घेतले जातात ते तिन्ही चौदाव्या शतकातल्या एका अर्जात आहेत. अर्जदारांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांच्याकडे एवढेच होते की ते रोज त्या पाण्यावर जात होते.

दरबाराने काय केले? जाणत्या माणसांची चौकशी नेमावी आणि मग न्याय करावा, असे उत्तर दिले. अर्ज फेटाळला नाही, साधनही तात्काळ थांबवले नाही. प्रशासनाच्या इतिहासाशी ओळख असलेल्या वाचकाला हे उत्तर परके वाटू नये.

यानंतरची जवळपास पाच शतके एका उडीत ओलांडता येतील, कारण तक्रारी येत राहिल्या आणि ड्रेज छोट्या बोटींमागे, शिडाच्या जोरावर, किनाऱ्यालगत चालत राहिला. नुकसानाला मर्यादा होती ती वाऱ्याची आणि बाजारपेठेची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि बाजारपेठेची मर्यादा संपली. लंडनमध्ये कालव हे तेव्हा गरिबाचे खाणे होते, गल्लीच्या तोंडावर टोपलीत विकले जाणारे. त्याच शतकाच्या अखेरीस ते श्रीमंतांच्या टेबलावर जाऊन बसले. चव बदलली नव्हती. माल संपत आला होता.

या उतरणीच्या ऐन मध्यावर, १८६३ साली, ब्रिटिश सरकारने समुद्री मासेमारीवर शाही आयोग नेमला. जेम्स केअर्ड, जॉर्ज शॉ-लेफेव्हर आणि डार्विनचा कैवारी म्हणून गाजलेला शास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ली असे त्याचे सदस्य. आयोगाने किनाऱ्यावरच्या गावोगावी बैठका घेतल्या, हजारो प्रश्न विचारले. जाळी आणि गळ वापरणाऱ्या लहान कोळ्यांनी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलविरुद्ध पुन्हा तीच तक्रार मांडली. ट्रॉलवाल्यांच्या बाजूने जे उत्तर आले ते नमुनेदार आहे : जाळे तळावरून फिरते तेव्हा ते शेत नांगरल्यासारखेच असते, माती वरखाली होते, माशांना खाद्य मिळते, तळ अधिक सुपीक होतो.

शेताची ही उपमा लंडनच्या कचेरीत खपली असेल. वाशीमच्या सोयाबीनच्या शेतात ती बांधापर्यंतही पोहोचणार नाही.

शेतकरी वखराची पाळी घालतो ती पेरणीच्या आधी, रिकाम्या रानात. मग तिफणीने पेरतो. पीक उभे राहिल्यावर वखर गोठ्याच्या भिंतीला टेकतो आणि डवरे बाहेर निघते, तेही दोन तासांच्या मधून, रोपाला धक्का न लावता. उभ्या पिकात आडवातिडवा वखर घालून पीक, बी आणि माती एकाच पोत्यात भरून नेणाऱ्याला कोणी शेतकरी म्हणत नाही. ड्रेज नेमके हेच करतो. त्याची पेरणी कधीच होत नाही. शिवाय एक फरक आहे, जो उपमा वापरणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळला : वखर चालवणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच वावरात उभे राहायचे असते. ड्रेजवाल्याला पुढच्या खाडीत जाता येते.

कालवांच्या बाबतीत तर ही उपमा मुळापासूनच चूक आहे. कालवाचे पिल्लू पाण्यात काही आठवडे तरंगते आणि मग कायमचे चिकटण्यासाठी कठीण, स्वच्छ पृष्ठभाग शोधते. तो पृष्ठभाग बहुतेक वेळा जुन्या कालवांच्या शिंपांचाच असतो. म्हणजे मागल्या पिढीची कवचे हीच पुढल्या पिढीची जमीन. ड्रेज ती जमीन उचलून बोटीवर आणतो, आणि उरलेल्या तळावर चिखल पसरतो. तिथे पुढे काही उगवायला जागाच राहत नाही.

आयोगाचा अहवाल १८६६ साली आला. कालवांचा तुटवडा अतिउपशामुळे नसून काही हंगामांत पिल्लेच नीट न बसल्यामुळे आहे, असे आयोगाला वाटले. मासेमारीवरची बंधने काढून टाकावीत अशी शिफारस झाली, आणि १८६८च्या कायद्याने पन्नासहून अधिक जुने कायदे एका झटक्यात रद्द केले. हक्स्ली मूर्ख नव्हता, आणि त्याला बदमाश ठरवण्याचेही कारण नाही. साक्षी परस्परविरोधी होत्या, आकडेवारी नव्हती, आणि लहान कोळ्यांच्या तक्रारीत स्पर्धकाविषयीचा राग मिसळलेला होता. पण पुराव्याचा भार कोणावर टाकायचा हा निर्णय विज्ञानाचा नव्हता, राजकारणाचा होता. ज्याचे नुकसान होत होते त्यानेच ते सिद्ध करावे, आणि सिद्ध होईपर्यंत यंत्र चालू राहावे, असे ठरले.

दहा वर्षांनी, १८७६ साली, कालवांच्या प्रश्नावर संसदेलाच निवड समिती बसवावी लागली. तिने सततच्या बेसुमार ड्रेजिंगवर बोट ठेवले, आणि १८७७च्या कायद्याने कालवांसाठी बंदीचा हंगाम ठरवला. याच १८७७ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियसचे कालवांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. श्लेस्विग-होल्श्टाइनच्या किनाऱ्यावरच्या कालवांच्या थरांचा अभ्यास करताना त्याला दिसले की तिथे केवळ कालवे राहत नाहीत. खेकडे, किडे, शेवाळ, मासे असा एकमेकांवर अवलंबून असलेला संपूर्ण समाज राहतो. त्याला त्याने ‘बायोसिनोसिस’, म्हणजे जीवसमाज, हे नाव दिले. परिसरविज्ञानाच्या पायातला एक शब्द ड्रेजने ओरबाडलेल्या तळावर जन्माला आला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नाही. १३७६चे कोळी पाण्याखालच्या झाडोऱ्याविषयी जे सांगत होते ते याहून फार वेगळे नव्हते. फक्त त्यांनी त्याला ग्रीक नाव दिले नव्हते.

अटलांटिकच्या पलीकडे हाच खेळ बंदुकांसह झाला. अमेरिकेच्या मेरिलँड राज्याने चेसापीक उपसागरात ड्रेजला १८२० साली बंदी घातली होती. म्हणजे तिथेही ठाऊक होते. यादवी युद्ध संपताना, १८६५ साली, परवाने देऊन तो खुला केला, आणि तीनच वर्षांत कालवांच्या रक्षणासाठी सशस्त्र ‘ऑयस्टर नेव्ही’ उभारावी लागली. लांब चिमट्यांनी हाताने कालवे काढणारे एका बाजूला, ड्रेजवाले दुसऱ्या बाजूला. रात्री गोळीबार होत. १८८४-८५च्या हंगामात मेरिलँडने सुमारे दीड कोटी बुशेल कालवे काढली. तो शिखराचा आकडा ठरला. त्यानंतरची कथा उतरणीची आहे. विसाव्या शतकात रोग आले, पाणी दूषित झाले, आणि सगळा दोष ड्रेजवर टाकता येत नाही हे खरे. पण रोग आला तेव्हा थर आधीच झिजलेले होते.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो : एकदा हत्यार आले की ते थांबवता येत नाही, प्रगतीला अडवता येत नाही. हाही दप्तरात टिकत नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये फाल नदीच्या मुखाशी कालवांचा ड्रेज आजही चालतो, पण एका अटीवर : बोट शिडाने किंवा वल्ह्यांनीच चालवायची, इंजिन लावायचे नाही. एकोणिसाव्या शतकातला हा नियम अजून पाळला जातो. मेरिलँडनेही १९६७पर्यंत ड्रेजच्या बोटींना इंजिन वापरू दिले नव्हते. साधन मुद्दाम मंद ठेवायचे, म्हणजे तळाला उसंत मिळते. हे कोणा भाबड्या ग्रामीण संस्कृतीचे अवशेष नव्हेत. हे विचारपूर्वक केलेले कायदे आहेत.

आता कोकण. आपल्या खाड्यांत तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवे काढण्याचे काम हाताचे राहिले आणि बहुतांशी बायकांचे राहिले. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलात आणि खडकांवर हे काम चालते. पाणी परत चढले की संपते. चंद्र हाच तिथला मासेमारी अधिकारी. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांतले दुधी, अर्धपारदर्शक तुकडे पाहून वारसाप्रेमी मंडळी छायाचित्रे काढतात; त्या काचा नव्हेत, शिंपा आहेत, झुआरीच्या मुखाजवळच्या चिखलात मिळणाऱ्या. खिडकी वारसा म्हणून जपायची आणि ती जिथून आली तो चिखल बंदरासाठी उपसायला मोकळा सोडायचा, हा वारसाप्रेमाचा विचित्र प्रकार आहे.

तळावरून ओढले जाणारे जाळे आपल्याकडे ट्रॉलरच्या रूपाने आले. १९७०च्या दशकात गोव्याचे रापणकार माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले ते याच कारणासाठी : किनाऱ्यालगतचा उथळ तळ ही माशांची नर्सरी आहे, तिथे ट्रॉलर नको. गोव्याचा मासेमारी नियमन कायदा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा. दोन्ही कायद्यांच्या मागे कोळ्यांची तक्रार आहे. म्हणजे इथेही ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक होते ते शास्त्रज्ञांच्या आधी बोलले.

खाडीच्या तळाला मात्र ड्रेजर वेगळ्याच वाटेने भिडला. तो शिंपल्यांसाठी आला नाही, रेतीसाठी आला. कोकणातल्या रेती उत्खननाच्या सरकारी कागदांत दोन पद्धती वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात : हातपाटी आणि ड्रेजर. हातपाटीवाला बुडी मारतो, पाटी भरतो, होडीत ओततो. त्याच्या फुप्फुसाएवढाच त्याचा उपसा. ड्रेजर किंवा सक्शन पंप दिवसरात्र ओढतो. मेरिलँडचे चिमटेवाले आणि ड्रेजवाले यांच्यात जी रेषा होती तीच इथे, मराठी शब्दांत, सरकारनेच आखलेली आहे. रेषा ठाऊक आहे आणि तरीही पंप चालतात.

आणि समर्थनासाठी शब्द एकच : गाळ. खाडी गाळाने भरली आहे, जलमार्ग मोकळा करायचा आहे, रेती काढणे म्हणजे खाडीची सेवाच. बंदराच्या वाटेवर गाळ काढावा लागतो, यात वाद नाही. पण तिसरी ज्या रेतीत घर करते ती रेती तिच्या दृष्टीने गाळ नसते, आणि ती तिसरी विकून घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीनेही नसते. ज्याला तळ उपसायचा असतो तो त्याला आधी गाळ म्हणतो. केरळमधल्या वेंबनाड सरोवरात ट्रावणकोर सिमेंट्स या सरकारी कंपनीने सिमेंटसाठी अनेक दशके ड्रेजरने शिंपल्यांचे थर उपसले. ते मृत शिंपले आहेत, एवढे स्पष्टीकरण पुरेसे मानले गेले. त्याच सरोवराच्या तळात काळे शिंपले जिवंत राहतात, आणि हजारो कुटुंबे ते काढून जगतात.

हीच गोष्ट समुद्रापासून साडेचारशे किलोमीटरवर परत भेटते. पैनगंगा वाशीम आणि हिंगोली यांच्या सीमेवरून वाहते. तिच्या पात्रातले रेतीघाट लिलावाला निघतात. दख्खनच्या इतर नद्यांप्रमाणे तिच्या तळातही गोड्या पाण्यातले शिंपले राहतात. त्यांचे जीवन कालवांहूनही नाजूक आहे : त्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग तळाच्या रेतीत उतरतात. मासा गेला तर शिंपला गेला, रेती गेली तरीही शिंपला गेला. पोकलेनच्या बकेटमध्ये रेतीसोबत ते ट्रकमध्ये चढतात, आणि कोणाच्या घराच्या प्लास्टरसाठी चाळणी लावली की खड्यांबरोबर बाजूला फेकले जातात. घर बांधणाऱ्याचा यात दोष नाही. घरकुलाला रेती लागतेच. प्रश्न पद्धतीचा आणि प्रमाणाचा आहे, १३७६ सालीही तोच होता.

वाशीमच्या इतिहासप्रेमींना इथे एक कागद आठवायला हवा, खरे तर एक ताम्रपट. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एक गाव दान दिले. तो ताम्रपट १९३९ साली प्रकाशात आला. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म, हे सांगताना सगळे त्याचा दाखला देतात, पण त्यातली सवलतींची यादी फारसे कोणी वाचत नाही. दान दिलेल्या गावात राजाची माणसे काय करू शकणार नाहीत, हे तिथे एकेक करून लिहिले आहे. त्यात फुले आणि दूध घेण्याचा उल्लेख आहे, मिठाचा आहे, आणि खणण्याचाही आहे. म्हणजे जमीन देणे आणि जमीन खणण्याचा हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाशीमच्या राज्यकर्त्यांना सोळाशे वर्षांपूर्वी नीट ठाऊक होते. मग पैनगंगेच्या तळाविषयी बोलताना ‘कुणाला काय ठाऊक’ असा चेहरा करणे निदान या जिल्ह्याला शोभत नाही.

वाळू उत्खननाला पर्यावरण परवानगीच्या चौकटीत आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य, फेब्रुवारी २०१२चा आहे. त्यानंतर केंद्राच्या जानेवारी २०१६च्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल आवश्यक केला : कोणत्या नदीत किती रेती आहे, दरवर्षी किती भरून येते, कुठून काढता येईल. या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो, आणि त्यावर आलेल्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. एडवर्डच्या पार्लमेंटपुढे आलेल्या गाऱ्हाण्याला जी जागा होती ती आज ही आहे, आणि लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

मसुद्यात रेतीचे घनमीटर लिहिलेले असतील. तिथे शिंपल्यांचा, माशांच्या डोहांचा, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या झिऱ्यांचा रकाना आहे का, हे पाहता येते. नसेल तर नदीकाठच्या ज्या म्हाताऱ्यांना पात्र पूर्वी कुठपर्यंत रेतीने भरलेले होते हे आठवते, त्यांना विचारून गावाच्या आणि डोहाच्या नावानिशी लिहून देता येते. एकवीस दिवसांच्या आत, सहीसह; आणि अर्ज दिल्यावर पोच मात्र मागून घ्यावी.